स्ट्रॅटचे पिकअप घरीच गुंडाळायचे आहेत: कोणती तार घेऊ?

सहावी_तार (कोथरूड)
माझ्या स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारला खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेले स्वस्तातले पिकअप (गिटारच्या तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी कॉइल) आहेत. आता अल्निको ५ या चुंबकाचे खांब असलेली बॉबिनं (तार गुंडाळायचे साचे) आणली आहेत, तांब्याची बारीक तार स्वतः गुंडाळणार. पन्नासच्या दशकातल्या फेंडरसारखा मोकळा, लखलखीत आवाज हवाय. तापकीर गल्लीत एका दुकानात ४२ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) तार मिळतेय, पण जुन्या पद्धतीच्या फॉर्मव्हार इन्सुलेशनची नाही. घेऊ का? की आणखी बारीक ४३ वापरून जास्त किलोओहम (रोध) काढू? जास्त ओहम म्हणजे जास्त दमदार ना?

वाइंडिंगवाला_भोसरी
पैसे दिले नसतील तर थांब. आपल्या बाजारात गेज म्हणजे बहुधा एसडब्ल्यूजी, ब्रिटिश मोजमाप. पिकअपवाले ४२ म्हणतात तो अमेरिकन, एडब्ल्यूजी. एडब्ल्यूजी ४२ मधलं तांबं ०.०६३५ मिमी, एसडब्ल्यूजी ४२ मधलं ०.१०१६. त्या जाड तारेचे आठ हजार टर्न (वेढे) तुझ्या बॉबिनवर मावणारच नाहीत. दुकानात ४६ माग, ते ०.०६१ मिमी भरतं. त्याहून बरं म्हणजे सरळ मिलिमीटरमध्ये सांग.

माझी नोकरी सगळी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये गेली, पिकअप मुलाच्या गिटारमुळे हातात आले. म्हणून कळकळीने सांगतो, ओहमच्या मागे लागू नकोस. ४२ च्या जागी ४३ घेऊन तेवढेच टर्न मारलेस, तर मीटर सहाऐवजी साडेसात किलोओहमच्या आसपास दाखवेल, पण इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा विरोध) जवळपास तोच राहील. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेक (मानेजवळच्या) पिकअपला ४३ असते, कारण ते बॉबिन लहान आहे. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरच्या सकाळी सहा हजार ओहम दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी ६,४०० दाखवतो. आवाज बदलला का? नाही.

खरा कारभार टर्नचा. इंडक्टन्स टर्नच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८,००० टर्नला २.४ हेन्री धर. तीन मीटर केबल आणि कॉइल मिळून ४२० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरलं तर रेझोनन्स, म्हणजे जिथे पिकअपचा आवाज सर्वांत उठून येतो ती वारंवारता, ५ किलोहर्ट्झला येतो. तेच १०,००० टर्न केलेस की ३.७५ हेन्री, आणि रेझोनन्स ४ किलोहर्ट्झवर. सिग्नल वाढला, पण तुला हवी ती लखलख खाली सरकली. तुझ्या कामाला ७,८०० ते ८,००० पुरेत.

फॉर्मव्हारचा थर जाड असतो, त्यामुळे कॉइलचं आतलं कपॅसिटन्स जरा कमी होतं. फरक खरा आहे, पण केबलच्या तीनशे पिकोफॅरडसमोर तो लहानच. पॉलियुरेथेन इन्सुलेशनची तार मिळाली तर बिनधास्त घे. सोल्डर लावताना थर आपोआप वितळतो, फॉर्मव्हार खरवडावी लागते आणि एवढी बारीक तार खरवडताना तुटते. तार बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सोड. फार ताणलीस तर ती लांबून बारीक होते आणि रोध वाढतो, सैल सोडलीस तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. शेवटी मेणात बुडव, पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण घालून, ६५ अंशांच्या आसपास. त्यापुढे प्लास्टिकचं बॉबिन वाकतं.

रिहर्सल_रास्ता_पेठ
काकांशी सहमत. गुंडाळण्याआधी एक करून बघ: आताच्या गिटारच्या जॅकवर ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर लाव आणि वाजव. रेझोनन्स खाली आला की काय होतं ते कानाला लगेच कळतं. तुझ्या जुन्या पिकअपमध्ये लोखंडी खांब असतील तर इंडक्टन्स आधीच जास्त आहे, नुसत्या अल्निकोनेही बराच मोकळेपणा येईल. आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे रोधक) २५० किलोओहमचेच ठेव. ५०० ने रेझोनन्सचं टोक फार टोकदार होतं, स्ट्रॅटवर मला ते बोचतं.

सहावी_तार (कोथरूड)
काका, दोघांचेही आभार. ४६ च घेतो, मिलिमीटर विचारून. मधला पिकअप उलट गुंडाळायचा असतो म्हणतात, तो नेमका कसा?

वाइंडिंगवाला_भोसरी
दोन गोष्टी उलट्या लागतात, गुंडाळण्याची दिशा आणि चुंबकाचा ध्रुव. दोन्ही उलटल्या की गिटारच्या तारांचा सिग्नल जुळतो आणि दोन पिकअप एकत्र लावल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकींत विरते. एकच उलटलीस तर गुणगुण तशीच राहू शकते नि आवाज पातळ होतो. खांबांचे ध्रुव होकायंत्राने तपास, आणि तपासूनच तार गुंडाळायला घे.