टॅक्सोनॉमीत करिअर करू द्यावं का पोरीला? माझं मत: नको

जुळे सोलापूरकर:
भाची बीएस्सी बॉटनी झाली, मार्क चांगलेत, आणि आता म्हणायलीय कोल्हापूरला एमएस्सी करून पुढं टॅक्सोनॉमीत पीएचडी करायची. म्हणजे झाडं ओळखायची, नावं लावायची, नवीन काही सापडलं तर त्याचं वर्णन लिहून छापायचं. ताई-दाजींनी माझ्यावर टाकलंय, तू समजाव म्हणून, कारण मी बँकेत आहे आणि आमच्या घरात बँकेतल्या माणसाला सगळं कळतं असा समज आहे.

माझं मत सरळ आहे. छंद म्हणून शंभर टक्के, करिअर म्हणून नको. नोकरी देणाऱ्या सरकारी संस्था दोन, झाडांसाठी बोटॅनिकल सर्व्हे १८९० चा, प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे १९१६ चा, दोन्हीची मुख्यालयं कोलकात्याला, आपल्या जवळची ऑफिसं पुण्यात, आणि जागा निघतात तेव्हा अख्ख्या देशातली पोरं तुटून पडतात. मग राहतं काय, तर कॉलेजात प्राध्यापकी, आणि तिथली भरती कशी चालते ते इथं सगळ्यांना माहितीय. त्यापेक्षा बी.एड. कर, बँकेची दे, एमपीएससीतनं फॉरेस्टची दे आणि रविवारी जा की नान्नजच्या माळावर झाडं बघायला, कोण अडवतंय. ज्यांना उलटं वाटतं त्यांनी पटवून द्या, फक्त 'पॅशन' हा शब्द वापरू नका, हप्ते पॅशननं जात नाहीत.

तासिकावाला:
मामा बरोबर बोलायलेत. मी स्वतः याच विषयात पीएचडी, प्राध्यापकीला लागणारी नेट झालीय, सेट पण झालीय, आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. बिल मंजूर होऊन पैसे हातात पडेपर्यंत पुढचं सेमिस्टर चालू झालेलं असतं. मे महिन्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, घरभाडं मात्र मे मध्ये पण लागतं.

आणि एक दुखणं बाहेरच्यांना कळत नाही ते म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलातल्या पेपरांचे संदर्भ बाकीचे किती देतात त्याचा आकडा. गवतावर काम करायचं तर ते फुलावर येईल तेव्हाच करायचं, पाऊस दडी मारला की ते वर्ष गेलं, आणि आपल्याकडं पाऊस दडी मारतोच. एवढं करून पेपर ज्या जर्नलात येतो त्याचा आकडा डीएनएवर काम करणाऱ्या मॉलेक्युलरवाल्यांपुढं किरकोळ. २०२० ला तर झूटॅक्सा, म्हणजे प्राण्यांवर काम करणारे जगभरातले टॅक्सोनॉमिस्ट जिथं छापतात ते जर्नल, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टरच काढून टाकला होता, कारण काय तर स्वतःच्याच जुन्या पेपरांचे संदर्भ फार देतात. आता नवीन पालीचं वर्णन करताना आधीच्या पालींचे पेपर सांगायचे नाहीत तर कुणाचे सांगायचे? आरडाओरडा झाल्यावर परत दिला, पण किंमत काय आहे ते कळलं.

भुंगेरा:
मामा, पोटापाण्याचंच बोलायचं ना, मग शेतातनं सुरू करू.

२०१८ ला कर्नाटकात मक्यावर एक अळी दिसली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात पण आली. सुरुवातीला सगळे म्हणायले ही आपली नेहमीची लष्करी अळी, तिचंच औषध मारा. ती होती अमेरिकन लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, पोंग्यात, म्हणजे मक्याच्या शेंड्याच्या पानांच्या सुरळीत घुसून बसणारी, वरनं फवारलं तर औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. आता कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार ठिपके, लगेच सांगेल. पण ही खूण व्हॉट्सॲपवर फिरायच्या आधी कुणीतरी अळ्या वाढवून, पतंग काढून, त्याचं जननांग भिंगाखाली उघडून 'ही तीच' असं लिहून दिलेलं असतं. ते काम टॅक्सोनॉमिस्टचं.

दुसरं, पपईवरचा पिठ्या ढेकूण. २००८ ला कोइम्बतूरला सापडला, मग पपई, तुती, जास्वंद, जे दिसेल त्यावर पांढरा कापूस पसरल्यासारखा. पिठ्या ढेकूण सगळे वरनं सारखेच दिसतात, मादीची स्लाइड करून अंगावरची छिद्रं आणि नळ्या मोजल्याशिवाय खात्री होत नाही. हा मात्र अल्कोहोलमध्ये टाकला की निळा-काळा पडतो, मी बघितलंय, बाटलीत शाई सांडल्यागत दिसतं. तर एकदा नाव पक्कं झालं, पॅराकॉकस मार्जिनेटस, मूळचा मेक्सिकोकडचा, की त्याचा शत्रू कोण हे पण कळलं. २०१० ला पोर्टो रिकोहून त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि कीड आटोक्यात आली. नाव चुकलं असतं तर चुकीची माशी आणून बसलो असतो.

आणि आपल्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५ पासनं. सांगोल्याकडं खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यानं बागाच्या बागा काढायला लावल्या, ते भुंगेरे तांदळाच्या दाण्यापेक्षा बारके असतात, ओळखणारी माणसं देशात हाताच्या बोटावर. आणि तुम्ही म्हणता पोरीनं रविवारी करावं.

सातरस्ता:
भुंगेरासाहेब भाषण झकास, टाळ्या. पण मामांची भाची बॉटनीची हाय आणि तुम्ही सांगितलेल्या किडीच्या कामाच्या जागांना कृषीची डिग्री मागतात. उपयोग देशाला, नोकरी दुसऱ्याला. तेच तर मामा म्हणायलेत ना बे.

भुंगेरा:
@सातरस्ता बहुतेक जागांना मागतात, मान्य. प्रोजेक्टवर मात्र झूलॉजी-बॉटनीची पोरं घेतात.

सातरस्ता:
प्रोजेक्ट संपला की?

माळावरची:
दादा, मी एमएस्सी बॉटनी, पीएचडी नाही, आणि गेली काही वर्षं याच ओळखण्यावर घर चालवतेय, तेव्हा माझं पण ऐका. रस्ता, खाण, मोठं बांधकाम काहीही असलं की पर्यावरण परवानगीच्या रिपोर्टात तिथली झाडं आणि प्राणी यांची यादी लागते. कन्सल्टंट लोक आम्हाला बोलावतात, दिवसावर पैसे. पैसे बरे मिळतात पण काम वर्षभर नसतं, पावसाळ्यात आणि त्याच्या मागच्या महिन्यांत फिरून फिरून पाय तुटतात आणि उन्हाळ्यात फोन पण वाजत नाही. पगाराची सवय असलेल्या घरात हे झेपत नाही, आमच्या सासूबाई अजून विचारतात तुला नोकरी कधी लागणार.

पण कामाचा दर्जा बघाल तर हसाल. एका रिपोर्टात आपल्याकडच्या कोरड्या माळाच्या यादीत कोकणातली झाडं होती, कुठल्यातरी जुन्या रिपोर्टातनं उचलून चिकटवलेली. आणि गवत? 'गवत' एवढंच लिहिलेलं. आता माळ म्हणजेच गवत ना हो. पवन्या वेगळा, मारवेल वेगळं, कुसळी वेगळी, आणि त्यातली कुठली आहे यावर माळ चांगला आहे की चरून संपलाय ते कळतं. गवताची ओळख पटवायची तर त्याचं एक कणसुल, म्हणजे तुऱ्यातला सगळ्यात बारका फुलोरा घ्यायचा, सुईनं सोलायचं, आत तुसं किती, कुसळ कुठनं निघतं, ते सरळ आहे की गुडघ्यात वाकलंय, बुडाशी केस आहेत का, हे दहापट भिंगातनं बघायचं. फोटोवरनं ॲप सांगत नाही, मी करून बघितलंय, ॲपला सगळी गवतं एकच. तिकडं सरकारी कागदावर माळरान म्हणजे पडीक जमीन, मग येतात झाडं लावायला नाहीतर सोलर लावायला. तेव्हा इथं काय होतं हे सहीनिशी सांगणारं कुणीतरी पाहिजे की नको?

पोरीला म्हणा गवतं शीक, कारण फुलाफुलांच्या मागं सगळेच आहेत.

जुळे सोलापूरकर:
ताई, तुमचं काम आवडलं पण तुम्हीच सांगितलंत उन्हाळ्यात फोन वाजत नाही. माझा मुद्दा तोच.

आणि एक कुणी बोललं नाही. आता डीएनए बारकोडिंग आलंय म्हणे, पानाचा तुकडा द्यायचा, मशीन नाव सांगणार. मग दहा वर्षांनी भिंगातनं कुसळं बघणाऱ्याला कोण विचारणार? आमच्याकडं बँकेत पासबुक भरायला माणूस असायचा, आता मशीन आहे.

लॅबमधला पुणेकर:
मी सिक्वेन्सिंगच, म्हणजे डीएनए वाचायचं कामच करतो म्हणून उत्तर देतो. बारकोडची कल्पना २००३ मध्ये आली, प्राण्यांसाठी सीओआय नावाच्या जीनचा एक तुकडा वाचायचा आणि आधीच नावं लावून ठेवलेल्या तुकड्यांच्या लायब्ररीशी जुळवायचा. पण लायब्ररीत ते नाव कुणी टाकलं? नमुना ओळखणाऱ्या माणसानं. त्यानं चुकीचं नाव टाकलं असेल तर मशीन तीच चूक अत्यंत आत्मविश्वासानं परत सांगतं. अशी चुकीच्या नावाची सिक्वेन्स सार्वजनिक डेटाबेसमध्ये भरपूर आहेत, आम्ही रोज डोकं आपटतो. झाडांमध्ये तर अजून वांधे, आरबीसीएल आणि मॅटके हे दोन तुकडे वापरतात पण जवळच्या प्रजातींमध्ये बऱ्याचदा फरकच दिसत नाही.

मात्र भिंगवाल्यांनी पण जास्त फुशारू नये. आपल्याकडं ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलिस क्युलिसिफेसीज, तो एक नाही, पाच प्रजातींचा गट आहे, दिसायला पाचही सारखे. त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात, त्यातली 'बी' प्रजाती मलेरिया फारशी पसरवत नाही, बाकीच्या पसरवतात. हे गुणसूत्रं आणि डीएनए बघूनच कळतं. त्यामुळे नुसती भिंगावर अडून बसलेली किंवा नुसती मशीनवर भरवसा ठेवणारी, दोन्ही पोरं माझ्या लॅबला नको असतात. दोन्ही येणारी मिळाली तर आम्ही सोडत नाही.

तासिकावाला:
सोडत नाही म्हणजे पर्मनंट करता का, की फेलोशिप संपेपर्यंत सोडत नाही?

लॅबमधला पुणेकर:
दुसरं.

गिरणीवाल्याचं पोरगं:
पर्मनंट पर्मनंट काय लावलंय मगापासनं. या गावात पर्मनंटचं कुणी कुणाला सांगावं. आमचे अण्णा गिरणीत पर्मनंट होते, शेजारचे सगळे पर्मनंट होते, भोंगा झाला की रस्ता भरायचा. गिरण्या बंद झाल्यावर कुणी चादरीच्या मागावर गेलं, कुणी रिक्षा घेतली. मामा, तुमच्या बँकेत तरी पासबुकवाला पर्मनंटच होता ना?

जुळे सोलापूरकर:
@गिरणीवाल्याचं पोरगं पर्मनंटच होता, त्याला व्हीआरएस मिळाली, पेन्शन मिळतेय. टॅक्सोनॉमिस्टला काय मिळणार, नमुन्याचा कागद?

हर्बेरियमची शीट:
मामा, मी एमएस्सी सेकंड इयर, तुमच्या भाचीच्याच वाटेवर आहे, म्हणून सीनियर समजून ऐका. सीएसआयआरची नेट जेआरएफसह, म्हणजे पीएचडीच्या सरकारी फेलोशिपसह निघाली की २०२३ पासनं महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो झालं की ४२,०००, वर घरभाडं. इथं सोलापुरात खासगीत बीएस्सीवाल्याला काय देतात तुम्हाला माहितीय. त्यामुळं पीएचडीची वर्षं उपाशी जात नाहीत, प्रश्न नंतरचा आहे, तो मी पण मानते.

पण काम संपलंय असं म्हणू नका. २०११ चा एक मोठा अंदाज आहे, जगात सुमारे ८७ लाख प्रजाती, त्यातल्या तेव्हा नोंदल्या गेलेल्या १२ लाखांच्या आसपास. आणि लांब कशाला, २०१४ ला लंडनच्या क्यू बागेच्या 'क्यू बुलेटिन' या जर्नलात छापलेलं क्रायनम सोलापुरेन्स, नागदवण्याच्या गोतातलं झाड, आपल्या गावाच्या नावाचं. ज्या जिल्ह्याला सगळे कोरडा, तिथं काय असणार म्हणतात तिथलं. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल घ्या, १८९७ चा जन्म, कोइम्बतूरला उसावर काम, १९५१ ला नेहरूंनी बोटॅनिकल सर्व्हेची घडी बसवायला परदेशातनं बोलावलं. तिच्या नावानं केंद्र सरकार टॅक्सोनॉमीचा पुरस्कार देतं.

सातरस्ता:
आता नेहरू नाहीत बोलवायला. पण सोलापुरेन्स एक नंबर, हे माहीत नव्हतं.

तासिकावाला:
नाव लागतं, फोटो पेपरात येतो, सत्काराला शाल मिळते. माझ्याकडं शाली बऱ्याच झाल्यात.

मी तिला अडवा म्हणत नाही मामा. जायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून जाऊ दे. गाइड कोण, त्याला रिटायर व्हायला किती वर्षं राहिली, त्याच्याकडनं बाहेर पडलेली पोरं सध्या कुठं आहेत, हे तिघा-चौघांना फोन करून विचारू दे. माझे गाइड थीसिस अर्धवट असताना रिटायर झाले, मग नवीन गाइड बुरशीवाले, त्यांना माझ्या गवतात काडीचा रस नव्हता. आणि नमुने गोळा करायला फॉरेस्टची परवानगी लागते, तो अर्ज पहिल्याच महिन्यात टाकायचा, पावसाळा कागदासाठी थांबत नाही.

जुळे सोलापूरकर:
हे कामाचं बोललात. घरात असं ठरलंय, एमएस्सी करू दे, त्यात नेट द्यायची, जेआरएफ निघाली तर पुढं पीएचडी आणि नाही निघाली तर बी.एड. माझं मत अजून बदललेलं नाही, लिहून ठेवा.

गिरणीवाल्याचं पोरगं:
म्हणजे परीक्षेवर ढकललं मामानं, स्वतः मोकळे.

माळावरची:
दादा, सप्टेंबरमध्ये माझा एक सर्व्हे आहे, करमाळ्याकडं. मदतीला कुणीतरी लागणार आहे. दिवसाचे पैसे देईन, जेवण आणि मुक्काम माझ्याकडं, सोबत अजून एक मुलगी आहे. कुसळी नि पवन्या वेगळं काढता येतं का तिला?

जुळे सोलापूरकर:
विचारून सांगतो. दिवसाचे किती?