फेक न्यूज शाळेत शिकवायचीच असेल तर झोळीवाल्या माणसाबद्दलही शिकवा

खडू_फळा:
आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परवा विषय निघाला की मुलांना फेक न्यूज ओळखायला शिकवायचं. चांगलंच आहे. पण जे पीपीटी दाखवलं त्यात सगळं काय तर तारीख बघा, लिंक तपासा, फोटो गूगलवर शोधा, फॉरवर्ड करू नका, संपलं. अफवा कोणाबद्दल उठते आणि दरवेळी त्याच लोकांबद्दल का उठते यावर एक अक्षर नाही.

राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, साक्री तालुका, धुळे जिल्हा, रविवारचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक भिक्षा मागायला आलेले, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडलं आणि पाच जणांना ठार मारलं. त्या काळात एक व्हिडिओ सगळीकडे फिरत होता, मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून पळतात. तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा. मूळ फिल्ममध्ये ते पोराला लगेच परत आणून सोडतात आणि पाटी धरतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. तेवढाच शेवट कुणीतरी कापला. सोबत पोरांच्या मृतदेहांचा एक फोटो फिरायचा, तो सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातला.

आता समजा हे सगळं खोटं आहे हे त्या बाजारातल्या माणसांना माहीत असतं, तरी झोळी घेतलेला परका माणूस दिसला की चोर, हे डोक्यातून गेलं असतं का? ते व्हॉट्सअ‍ॅपच्या फार आधीचं आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, कायदा १९५२ ला गेला, नजर गेली नाही.

मी सातवीच्या वर्गात मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, पोरं पळवणारा माणूस कसा दिसतो. नावं नको म्हटलं. जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांवर झोळी, दाढी, हिंदी बोलतो, बुरखा. पँट-शर्टातला, ओळखीतला माणूस कुणाच्याच चिठ्ठीत नव्हता. आणि त्या वर्गात पालावरून, म्हणजे भटक्यांच्या तंबूंतून, येणारी एक मुलगी आहे, तिचे वडील झोळी घेऊन फिरतात. अक्षर मी ओळखतो, तिच्याही चिठ्ठीवर झोळीच होती. हे कुठल्या लिंक तपासण्याने सुटणार आहे सांगा.

ठाण्याची_आई:
सर तुमची तळमळ कळली पण मला हे पटत नाहीये. माझा मुलगा सहावीत आहे, त्याला लिंक कशी तपासायची हे शिकवा, ते कौशल्य आहे, गणितासारखं, सगळ्यांना सारखंच लागू. एकदा का कोणत्या समाजाबद्दल अफवा उठते हे शिकवायला घेतलं की मग यादी कोण ठरवणार? तुम्ही राईनपाडा घेतलंत, गडचिंचले का नाही? १६ एप्रिल २०२०, पालघर, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तीसुद्धा चोर आल्याची अफवाच होती. एका शाळेत एक घटना शिकवणार, दुसरीत दुसरी, आणि वर्गात पोरं एकमेकांकडे बघणार. बारा वर्षांच्या मुलाला या वयात असलं काही द्यायला माझा ठाम विरोध आहे.

खडू_फळा:
गडचिंचले घ्याच ना ताई, मी तर म्हणतो दोन्ही शेजारी ठेवून शिकवा. तिथे तर अफवेवर दुसरी अफवा उठली. व्हिडिओत कुणीतरी "बस ओये बस" ओरडतं त्याचं "शोएब" करून देशभर फिरवलं, शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावं लागलं की अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. म्हणजे भगव्या कपड्यातला माणूसही मेला आणि तिथे नसलेल्या समाजाचंही नाव आलं. आणि मारहाणीचे व्हिडिओ वर्गात दाखवायचं मी कधीच म्हणणार नाही, ते कुणीच करू नये.

तापीकाठ:
मी त्याच पट्ट्यातला आहे, म्हणून लिहितोय. राईनपाडा म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यापुढे आदिवासींचा अडाणी जमाव येतो, हाही एक शिक्काच आहे हे आधी मान्य करा. जे झालं ते भयंकरच होतं, त्याचं समर्थन नाही, पण त्यानंतर अटकेच्या भीतीने गाव ओस पडलं होतं, ज्यांचा काही संबंध नाही अशी घरं पण बंद. आमच्याकडे पेपर घरोघरी कधी आलाच नाही, थेट मोबाईल आला. आणि मेसेज नुसता वाचायचा नसतो, ऑडिओ असतो, अहिराणीत नाहीतर भिलीत, बोलणारा आपल्यातलाच वाटतो. खुलासा मात्र येतो मराठीत पत्रक म्हणून, तोही दोन दिवसांनी. तुमच्या पीपीटीमध्ये ऑडिओ क्लिप कशी तपासायची होतं का? नसणारच. सर्वसमावेशक म्हणायचं तर आधी पोरांच्या बोलीत बोला, बाकीचं नंतर.

जुने_मुख्याध्यापक:
सगळं खरं पण शिकवणार कोण? पर्यावरण आलं, मूल्यशिक्षण आलं, नववी-दहावीला जलसुरक्षा आलं. समाजात प्रश्न उभा राहिला की विषय काढायचा, वही करायची, श्रेणी द्यायची, पेटीत ठेवायचं. शिक्षक आधीच माहिती भरून, सर्वेक्षणं करून, निवडणुकीची कामं करून मेटाकुटीला आलाय. त्यात हा विषय नाजूक, एक शब्द चुकला की पालक गेटवर आणि व्हिडिओ व्हायरल, त्या शिक्षकाच्या मागे कोण उभं राहणार? आणि अजून एक, फॉरवर्ड करतात ती मोठी माणसं, शिकवायचं लहानांना, हा हिशोब मला कधी कळला नाही.

कोझिकोडकर_मराठी:
मुख्याध्यापक सर, केरळात आमच्या शेजारच्या कन्नूर जिल्ह्याचं सांगतो. २०१८ मध्ये तिथल्या कलेक्टरने सत्यमेव जयते नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग सुरू केले, ४० मिनिटांचा तास. निमित्त काय होतं तर गोवर-रुबेला लशीबद्दलच्या अफवा, त्यांच्यामुळे पालक लस द्यायला नकार देत होते. तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर तिथेच आहे, मुलांना शिकवलं म्हणजे ती घरी जाऊन विचारतात हे कुठून आलं म्हणून. नवीन विषय काढला नाही, श्रेणी नाही, आहे त्या वेळापत्रकात बसवलं. पुढे राज्यानेही शाळांतून हे काम उचललं. शिक्षकाच्या मागे प्रशासन उभं होतं हा मात्र मोठा फरक, तो तुमचा मुद्दा बरोबर आहे.

पालावरचा:
मी डवरी गोसावी समाजातला. शिकलो, नोकरी करतो. सरांना राग येईल पण स्पष्ट लिहितो. ती चिठ्ठ्यांची गोष्ट वाचून माझ्या पोटात कालवलं. नावं नव्हती म्हणता पण तुम्ही अक्षर ओळखलंत ना, मग उद्या दुसरे कोणी ओळखतील. आमचं पोर आधीच कधी येतं कधी नाही, पालं हलली की शाळा सुटते, हजेरीत नाव राहतं एवढंच. त्यात वर्गात 'आज भटक्यांचा तास' लागला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळणार. मला चोर म्हणून बघू नका तसंच बिचारा म्हणूनही बघू नका. आमच्यावर धडा नको. शिकवायचं तर बाकीच्या पोरांना विचारा की तुला हे कोणी सांगितलं, तू कधी अशा माणसाशी बोललास का. प्रश्न ज्याच्या डोक्यात संशय आहे त्याला विचारायचा असतो, ज्याच्यावर आहे त्याला नाही.

ठाण्याची_आई:
पालावरचा, तुमचं एकदम पटलं, आणि माझंही म्हणणं थोडंफार हेच होतं, फक्त मला इतकं नीट मांडता आलं नाही. पोरांना समाजाच्या नावाने लेबल नको.

तापीकाठ:
पण ताई, नाव घेतलंच नाही तर मग तेच लिंक तपासा, तारीख बघा. नाव न घेता राईनपाडा कसं सांगणार? कोण मेलं आणि का मेलं हे वगळून तो नुसता चुकीच्या मेसेजचा किस्सा राहतो.

खडू_फळा:
पालावरचा, राग कशाला येईल. तसल्या चिठ्ठ्या पुन्हा लिहून घेणार नाही. तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी आज दिवसभर विचार करत होतो. आमच्याकडे परिपाठात रोज एक मूल बातमी वाचतं, पेपरातून कमी आणि घरच्या मोबाईलवरून जास्त. तिथेच तीन प्रश्न लावायचं ठरवलंय: तुला हे कुणी पाठवलं, यात कुणाला वाईट ठरवलंय, त्या माणसाचं म्हणणं बातमीत आहे का. मूल अहिराणीत सांगेल तर अहिराणीत. वेगळी वही नाही, गुण नाहीत, मुख्याध्यापक सरांची ती काळजी पण मिटावी.

जुने_मुख्याध्यापक:
परिपाठापुरतं चालेल, चांगलं आहे, माझ्या शाळेतही मी आनंदाने करू दिलं असतं. पुस्तकात आणायला मात्र विरोध कायम. पुस्तकात गेलं की त्याचा प्रश्नोत्तराचा गाईड निघतो आणि 'कुणाला वाईट ठरवलंय' याचं उत्तर पाठ करून येतं. आणि शिक्षकाला लेखी संरक्षण मिळाल्याशिवाय सुरू करू नका, केंद्रप्रमुखांकडून पत्र घ्या आधी.

पालावरचा:
दुसरा प्रश्न पहिला ठेवा सर.