सोयाबीन + तूर, २४ दिवसांचं पीक, केना फार झालाय. कोणतं तणनाशक मारू? (बजेट २५०० रु.)

कोरडवाहू_औसा
राम राम मंडळी. तीन एकर सोयाबीन, सहा ओळींमागे दोन ओळी तूर. पेरणीला आज २४ दिवस झाले. पेरल्यावर ४८ तासांच्या आत पेंडीमिथॅलीन (तण उगवायच्या आधीचं तणनाशक) मारायचं ठरलं होतं, पावसानं उसंतच दिली नाही. आता रान हिरवंगार आहे, पण सोयाबीनमुळं नाही. केना, शिपी, दुधी, खालच्या कोपऱ्यात लव्हाळा, सगळं तण. रान ओलं, वाफसा नाही म्हणून बैलाचं कोळपं चालत नाही, खुरपायला बाया ३०० रुपये रोजानंही मिळेनात. तिन्ही एकरांचं मिळून औषधाला २५०० च्या वर जमणार नाही. पूर्वेच्या बांधाला शेजाऱ्याचा कापूस आहे. काय मारू?

वाशीमवाला
भाऊ, इमॅझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली. सात वर्षं झाली तेच मारतो. यंदा डवऱ्याला (तुमचं कोळपं) हात लावला नाही. बाकी कोणाचं ऐकू नका.

पंप_मास्तर
औषध कोणतंही घ्या, मारायचं कशानं ते आधी ठरवा. मी गेल्या साली ट्रॅक्टरवरचा बूम फवारा घेतला, एक एकर चहा निवायच्या आत होतो. खर्च लाखाच्या घरात गेला, पण एकदाच करायचा ना!

कोरडवाहू_औसा
मास्तर, बजेट २५०० लिहिलंय. पाठीवरचा पंप आहे.

काळीमाती७२
इमॅझेथापायरच्या नादी लागू नका असं मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं. मारलं, चार दिवस रोज बघायला गेलो, तण ढिम्म. दुकानात जाऊन दहा माणसांत भांडलो की माल बोगस दिला. बाराव्या दिवशी शेंडे पिवळे पडायला लागले, तिसऱ्या आठवड्यात सगळं वाळलं. आता खत दुसऱ्या गावाहून आणतो, त्या दुकानात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

वाशीमवाला
मग माझंच खरं निघालं की.

आक्का_रानातली
केन्याला औषधाचं कौतुक नाही बाबांनो. कांडीचा तुकडा ओल्या रानात पडला की त्याला मुळ्या फुटतात. खुरपा किंवा कोळपा, पण वेचून बांधाबाहेर टाका.

हिरवा_पट्टा
ग्लायफोसेट मारा, स्वस्तात काम.

वाशीमवाला
सोयाबीनवर?? मग रानात बांध तेवढा उरेल. ते निवडक नाही हो, हिरवं दिसेल ते सगळं मारतं.

निवृत्त_कृषीसहायक
धागा सकाळपासून वाचतोय. मूळ प्रश्नात तूर आहे, ते कुणी वाचलंच नाही. निवडक म्हणजे सगळ्या पिकांना चालणारं नव्हे. इमॅझेथापायर सोयाबीनच्या अंगात लवकर पचतं आणि तणाच्या अंगात पचत नाही, एवढाच त्यातला खेळ. पाणी साचून सोयाबीन आधीच पिवळं पडलं असेल तर त्याचीही पचवायची ताकद कमी होते आणि पीक आखडतं. तेव्हा बाटलीवरच्या कागदावर दोन्ही पिकांची नावं आहेत का ते बघा. तूर नसेल तर तुरीच्या ओळीवर पंप नेऊ नका.

दुसरं, तणाचं वय. दोन ते चार पानांचं असताना मारायचं, म्हणजे साधारण पंधरा ते वीस दिवसांत. तुमचा केना किती पानांवर आहे?

कोरडवाहू_औसा
आत्ता बघून आलो. कुठं पाच, कुठं सात. दोन ठिकाणी फांद्या फुटल्यात.

निवृत्त_कृषीसहायक
मग अर्धा मरेल, अर्धा पिवळा पडून परत उठेल.

माळावरचा_गडी
मी क्विझालोफॉप मारतो, सोयाबीन आणि तूर दोन्हींना काही होत नाही. एकरी ४०० मिली.

निवृत्त_कृषीसहायक
ते फक्त गवतवर्गीय तणाला. शिपी जाईल. केना एकदल असला तरी गवत नाही, लव्हाळाही गवत नाही आणि दुधी तर रुंद पानाची. तिघं तशीच उभी राहतील.

माळावरचा_गडी
माझ्याकडं शिपीच आहे म्हणून मला छान वाटत असेल 😄

सोया_सम्राट
फोमेसाफेन असलेलं जोडऔषध घ्या, तिसऱ्या दिवशी केना भाजलेला दिसतो. महाग आहे पण पैसा वसूल. माझ्या सोयाबीनवरही तांबडे डाग पडले होते, आठवड्यात नवीन पानं आली. तूर मी लावत नाही, त्यामुळं तिचं सांगता येत नाही.

ऊसवाला_दादा
औषधापेक्षा पंप सांभाळा. चुलतभावानं उसात टू फोर डी हे तणनाशक मारलं आणि पंप नुसता विसळून मला दिला. मी त्यात कीटकनाशक घालून कापसावर फिरलो. आठवड्यात कापसाची पानं भेंडीसारखी चिरली, शेंडे मुरगाळले. दीड एकर. कापूस वास आला तरी आजारी पडतो असं समजा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, तो कुणाला देऊ नका आणि कुणाचा आणू नका. धुतलेलं पाणीही ओढ्यात सोडू नका.

आणि औसावाले, तुमचा कापूस पूर्वेला, आषाढातलं वारं पश्चिमेचं. सगळं तिकडंच जाणार. सकाळी वारं पडलेलं असताना मारा, नोझल खाली धरा, बांधालगतचा पट्टा सोडून द्या.

पंप_मास्तर
नोझलही बदला. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नको, बारीक थेंब वाऱ्यावर जातात. चपट्या फवाऱ्याचं नोझल लावा, महाग नाही. (हे तरी बजेटात बसतं.)

हिरवा_पट्टा
त्यातच अळीचं औषध आणि १९:१९:१९ खत टाकलं तर एका फेरीत तीन कामं.

सोया_सम्राट
मी टाकलं होतं. टाकीत दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. फडक्यानं गाळून फेकून दिलं, पैसे वेगळे गेले.

काळीमाती७२
माप कसं धरता ते कुणी सांगेना. झाकणानं ओतणारे शंभर बघितलेत.

निवृत्त_कृषीसहायक
आधी नुसतं पाणी भरून नेहमीच्या चालीनं चाला. १५ लिटरच्या पंपात चार गुंठे झाले तर एकराला दहा पंप. ४०० मिली भागिले दहा, म्हणजे पंपाला ४० मिली. तुमचे तीनच गुंठे होत असतील तर हिशेब बदलला. 'थोडं जास्त टाकू' म्हणून दुप्पट टाकलं तर पीक पिवळं पडतं. इमॅझेथापायर जमिनीत महिनोन्महिने राहतं, त्यामुळं सोयाबीनमागून पेरलेल्या ज्वारीलाही त्रास होऊ शकतो.

बांधावरून
नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. मी फुंकलं होतं, दोन तास जीभ बधिर आणि उलट्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बाटली कुठाय? बाटली रानात. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घाला, मधे तंबाखू मळू नका, घरी आल्याबरोबर अंघोळ करा. २०१७ ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आठवा.

वाशीमवाला
ती कीटकनाशकं होती.

बांधावरून
अंगाला काय माहीत कोणतं आहे ते.

शेतकरीपुत्र_पुणे
सगळी चर्चा वाचली नाही, पण इमॅझेथापायर मारा, बेस्ट रिझल्ट.

कोरडवाहू_औसा
(नऊ दिवसांनी) मंडळी, सगळ्यांचे आभार. काहीच मारलं नाही. दुकानात जाऊन कागद वाचला, तीन बाटल्या बघितल्या, एकीवरही तुरीचं नाव नाही. तेवढ्यात दोन दिवस उघडीप मिळाली, वाफसा आला. चुलत्याची बैलजोडी घेऊन तिन्ही एकर कोळपलं, तुरीच्या ओळी घरच्यांनी खुरपल्या. जोडीचे आणि चहापाण्याचे मिळून २१०० गेले. शिपी, दुधी साफ. शनिवारपासून परत पाऊस आहे.

वाशीमवाला
एवढं विचारून शेवटी कोळपंच? फवारलं असतं तर आत्तापर्यंत तण जळालं असतं.

आक्का_रानातली
केना वेचून बाहेर टाकला ना?

कोरडवाहू_औसा
नाही आक्का. तिथंच ओळींमधे पडलाय.