बी.एड. कॉलेजातले 'रिकामे' प्राध्यापक आणि कागदावरचं नियोजन

तिरपाफळा
एका विनाअनुदानित संस्थेच्या विश्वस्तांची पोस्ट आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. म्हणणं असं: बी.एड. कॉलेजातले प्राध्यापक दुपारी दोननंतर जागेवर सापडत नाहीत, वार्षिक नियोजन फाइलला लावण्यापुरतं असतं, पगार मात्र वेळेवर हवा. म्हणून आता चेहरा ओळखणारं हजेरी यंत्र, साडेदहा ते साडेपाच, मध्ये बाहेर पडलात तर अर्ध्या दिवसाची रजा. खाली नुसत्या टाळ्या.

दोननंतर आम्ही कुठे असतो ते सांगतो. दुपार अधिवेशनाच्या शाळेत, आठवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर, गुडघे अडकवून, छात्राध्यापिकेचा, म्हणजे शिकाऊ शिक्षिकेचा, भूमितीचा पाठ बघत. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात २० आठवडे शाळेत घालायला सांगितले, पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. मुलं शाळेत आणि मेथड मास्टर, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणारे प्राध्यापक, कॉलेजच्या दारावर चेहरा दाखवत उभे, असं हवंय का?

त्याच नियमावलीत दोन्ही वर्षांच्या मिळून २०० विद्यार्थ्यांना १६ पूर्णवेळ अध्यापक लिहिलेत. चित्रकला, नाट्य-संगीत, शारीरिक शिक्षण यांना वेगवेगळा माणूस. आमच्याकडे नाट्य, चित्रकला आणि मूल्यमापन एकच बाई बघतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा पाचवा निकषही त्यांच्याच गळ्यात.

आणि ज्यावर कोणीच बोलत नाही ते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय विकास समिती आहे. वर्षाला किमान चार बैठका. कॉलेजची वार्षिक दिनदर्शिका ठरवणं हे तिचं काम म्हणून लिहिलेलं आहे. अध्यक्ष कोण? संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेला माणूस. प्राचार्य नुसते सदस्य सचिव. म्हणजे ज्या नियोजनाच्या नावाने हे खडे फोडतायत, ते ठरवायची जबाबदारी त्यांच्याच समितीची. मग यंत्र आधी कुणाच्या दारावर लावायचं?

ट्रस्टी_खेड्यातला
ती पोस्ट माझी नाही, पण माझी असती तरी चाललं असतं. कायदा सगळ्यांना पाठ असतो. शिष्यवृत्तीची रक्कम महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कुठे अडकलीय ते मात्र कोणाला पाठ नसतं. माझ्याकडे निम्म्याहून जास्त मुलं सवलतीची. सरकारकडून पैसे येईपर्यंत पगार, वीजबिल, विद्यापीठाची संलग्नता फी, सगळं मी उभं करतो. जागा रिकाम्या राहतात त्या वेगळ्याच. १६ माणसं नेमा म्हणणं सोपं आहे.

आता शेवटच्या बाकाबद्दल. मी न कळवता एका शाळेत गेलो होतो. मुलगी एकटी शिकवत होती, आमचे प्राध्यापक नव्हते. संध्याकाळी तिच्या निरीक्षण वहीत बघितलं तर त्या दिवसाच्या पाठावर शेरा तयार: 'आत्मविश्वास चांगला, फलकलेखन सुधारावे.' मागची पानं उलटली. सगळीकडे तोच शेरा, तेच पेन, तोच तिरकेपणा. मी दुसऱ्या मुलाची वही मागवली. फलकलेखन त्याचंही सुधारायचं होतं. मग मी यंत्र का लावू नये?

तिरपाफळा
असं होतं. नाकारत नाही. तुमच्या यंत्राने ते कसं थांबणार तेवढं सांगा. हा गृहस्थ आता कॉलेजात बसून वहीवर तोच शेरा मारेल आणि हजेरी पूर्ण भरेल. अभिनंदन.

सेट_नेट_दोन्ही
पगाराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी एका कॉलेजात पूर्णवेळ होतो, म्हणजे कागदावर. दर महिन्याला खात्यात पूर्ण वेतनश्रेणीचा पगार यायचा. एटीएम कार्ड मात्र संस्थेच्या कपाटात. पैसे जमा झाले की दुसऱ्या दिवशी शिपाई पाकीट आणून द्यायचा. पाकिटात किती असायचे ते सांगत नाही, माझे आईवडीलही हा धागा वाचतात. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे फी ठरायला जाताना हाच पूर्ण पगार खर्चात दाखवायचा. म्हणजे न दिलेल्या पगारापोटी मुलांकडून फी घ्यायची.

ट्रस्टीसाहेब, तुम्ही तसे नसालही. पण 'पगार मात्र वेळेवर हवा' हे वाक्य वाचून हसू आलं.

ट्रस्टी_खेड्यातला
माझ्याकडे असलं काही चालत नाही. आणि तुम्ही तक्रार का नाही केली?

सेट_नेट_दोन्ही
अनुभवाचा दाखला कोण देणार होतं? तुम्ही?

नोंदवही
मी पंधरवड्यातून एकदा लिहितो, आज लिहावंच लागतंय. वार्षिक नियोजन कोण करतं याचं उत्तर: मी. कार्यालयातला मोठा क्लार्क. जूनमध्ये मॅडम म्हणतात, भाऊ, मागचं काढा आणि साल बदला. मी साल बदलतो. तारखा त्याच राहतात, वार हलतात. एकदा क्षेत्रभेट रविवारी पडली, ती कोणाच्या लक्षात आली नाही, समितीच्या बैठकीत मंजूर झाली, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या. पुढे नॅकच्या पथकाने विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मॅडमचाही दोष नाही. पहिल्या वर्षाची मुलं येणार कधी हे जूनमध्ये कोणाला माहीत असतं? प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या फेऱ्या लांबतात, शेवटची फेरी कधी दिवाळीच्या तोंडावर आटोपते. २०० कामाचे दिवस भरायचे, आठवड्याला ३६ तास, आणि मुलं ऑक्टोबरात आली. विद्यापीठ सत्र परीक्षा मात्र आपल्या वेळेला लावणार. हे गणित ब्रह्मदेवाला सुटायचं नाही, मी तर बी.कॉम.

लालपेन
निवृत्त प्राचार्य आहे. आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं आणि जूनमध्ये आखलेलं मार्चपर्यंत तंतोतंत व्हायचं. यंत्र नव्हतं. प्राचार्य दारात उभे राहायचे, तेच यंत्र. आजच्या प्राध्यापकाला घड्याळ दाखवलं की लगेच कायदा आठवतो. दोन वर्षं करून काय मिळवलं? आता पुन्हा एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा आलाच आहे. फिरून तिथेच.

तिरपाफळा
तो मसुदा चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आहे सर, सरसकट नाही. आणि तुमच्या वेळी अनुदान होतं. दारात उभं राहायला प्राचार्य होते, आता बऱ्याच ठिकाणी प्रभारी आहेत, तेही मेथडचे तास घेऊन.

हेडबाई
माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका. एवढं सगळं वाचलं, पण ज्या शाळेत तुमची मुलं १६ आठवडे येतात त्या शाळेला कोणी काही विचारतं का? पत्र येतं. 'सोमवारपासून खालील छात्राध्यापक आपल्या शाळेत रुजू होत आहेत, सहकार्य व्हावे.' पत्र शनिवारी येतं.

आमचं वर्ष बघा. दिवाळीआधी प्रथम सत्र परीक्षा. दिवाळीनंतर सहली, क्रीडा स्पर्धा, मग स्नेहसंमेलन. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा. २०२५ ला दहावीचा बोर्डाचा पेपर २१ फेब्रुवारीलाच सुरू झाला. यात सलग १६ आठवडे कुठे बसतात, कोणी आखून दाखवा. तुमचे मात्र बरोबर डिसेंबरात येतात, तेव्हा माझा वर्ग मैदानावर असतो.

तुमच्या मुलांकडून मी ऑफ तास घेऊन घेते, हे आधीच सांगते, नंतर कोणी उघडकीस आणायला नको. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून पदं ठरवण्याच्या, जीआरनंतर शिक्षकांची पदं कशी आक्रसली ते शाळावाल्यांना विचारा. वर्ग मोकळा सोडू का?

आणि एक. परवा एका मुलाच्या तासाला बसले. पाच रंगांत अधोरेखित केलेली टाचण वही, म्हणजे पाठाची लेखी आखणी, सुबक. मुलाने वहीतून मान वर केली नाही. शेजारच्या वर्गातल्या मुलीची वही बघितली, विषय तोच. दोघांच्या टाचणात एकच चूक, 'प्रकाशाचे अपवर्तन'च्या जागी 'परावर्तन'. दोन ठिकाणी एकच डुलकी कशी लागते?

सेकंडइयर
झेरॉक्सच्या दुकानात लागते. आमच्या कॉलेजच्या बाहेर सगळ्या मेथडची टाचणं मिळतात, मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम, सत्रकार्यासकट. काका विचारतात, 'सर कोण आहेत? त्यांना हिरवी मार्जिन लागते.'

लालपेन
शाब्बास! आणि हे तू अभिमानाने सांगतोस?

सेकंडइयर
सांगते. मुलगी आहे. अभिमान नाही, कंटाळा आहे. एका पाठाचं टाचण हाताने लिहायला अख्खी संध्याकाळ जाते. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन. 'विद्यार्थी कृती'त लिहायचं: 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' पुढच्या ओळीत, 'विद्यार्थी उत्तर देतात: काटकोन.' सातवीतल्या पोराने काय उत्तर द्यायचं ते मी आदल्या रात्री लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' ही कृती कोणत्या रकान्यात?

लालपेन
टाचण लिहिताना विचार होतो. हाताने लिहिल्याशिवाय पाठाची बांधणी डोक्यात बसत नाही. मी आयुष्यभर छापील टाचण परत केलं आहे. एकाने तर स्वतःच्या भावाची वही आणली होती, वरचं नाव खरवडून. मी त्याला त्याच वर्गात तोच पाठ वहीशिवाय घ्यायला लावला. पाचव्या मिनिटाला घाम. तो पुढे चांगला शिक्षक झाला.

सेट_नेट_दोन्ही
वहीशिवाय घेऊन चांगला झाला ना? मग वही कशाला?

लालपेन
शब्द पकडू नका.

हेडबाई
सर, तुमचा मान ठेवून सांगते, आम्ही शाळेत नोकरी करणारेसुद्धा रोजचं टाचण चार ओळींत लिहितो. ज्या साच्यात तुम्ही दोन वर्षं मुलांना घोटवता तो पहिल्या पगारानंतर कोणी उघडत नाही. मला येणारी मुलगी वर्ग शांत करू शकते का, फळ्यावर सरळ लिहू शकते का, मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव तिला माहीत आहे का, एवढं हवं असतं. यातलं टाचणात काहीच येत नाही.

तिरपाफळा
धागा नियोजनाचा होता. टाचणावर वेगळा काढा.

नोंदवही
साहेब, टाचणाच्या वह्या कुठे ठेवायच्या हेही नियोजनच. कपाटं भरली, आता जिन्याखाली आहेत. चौकशी समिती आली की तिथे पडदा लावतो.

लालपेन
पाच रंग मी कधीच सांगितले नाहीत. ते नंतरचं फॅड. साचाही थोडा जड झालाय, मान्य. पण हाताने लिहायचं ते लिहायचंच.

ट्रस्टी_खेड्यातला
म्हणजे एवढी चर्चा होऊन निष्पन्न काय? प्राध्यापक शाळेत असतात, शाळेत सापडले नाहीत तर शिष्यवृत्ती... नाही, ते माझं. तर संचमान्यता, नाहीतर सीईटी सेल. प्राध्यापकांचं काहीच नाही. छान.

तिरपाफळा
आमचं आहे की. निरीक्षणाला गेल्याची नोंद शाळेच्या वहीत व्हावी, मुख्याध्यापकांच्या सहीने, वेळेसह. मला चालेल. ज्याला चालणार नाही त्याचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण मग शाळेतली ती वेळ कामात धरायची, अर्धी रजा लावायची नाही. आणि विकास समितीच्या चार बैठका खरोखर घ्या. पहिली जूनमध्ये, दुसरी प्रवेशफेऱ्या संपल्या की लगेच, दिनदर्शिका नव्याने मांडायला. समितीवर शिक्षकांचे तीन निवडून आलेले प्रतिनिधी असतात, त्यांना अजेंडा आधी पाठवा. बैठकीच्या दारात सही घेऊन नको.

ट्रस्टी_खेड्यातला
शाळेच्या सहीचं बघता येईल. बैठकाही लावू. तीन प्रतिनिधींपैकी दोघं दर बैठकीला 'वेतन आयोग' सोडून दुसरं बोलत नाहीत, त्यांना सांगा.

सेट_नेट_दोन्ही
त्यांना वेतन द्या, मग दुसरं बोलतील.

हेडबाई
बैठकीला एक खुर्ची शाळेसाठीही ठेवा, समितीत नाव नसलं तरी निमंत्रित म्हणून. १६ आठवडे सलग नकोत. दिवाळीनंतर काही, जूनमध्ये शाळा उघडल्यावर काही, असे तोडून द्या. जूनमध्ये मला खरोखर माणसं हवी असतात.

तिरपाफळा
जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं रिकामीच असतात, हे बरोबर. विद्यापीठाच्या परीक्षा मध्ये आल्या नाहीत तर जमू शकतं.

नोंदवही
येतात.

हेडबाई
तर मग निदान हे कळवा. पुढच्या खेपेला गणिताचे किती? गेल्या वेळी सगळे मराठी आणि इतिहासाचे आले. इतिहासाचा तास घ्यायला रांग आणि गणिताला मी.

सेकंडइयर
मी गणिताची आहे, बाई. तुमच्या शाळेत यायला आवडेल. टाचण टाइप केलेलं चालेल का?

लालपेन
नाही.

हेडबाई
शाळा माझी आहे. चालेल.