मदत हवी आहे: वाइंडिंगमध्ये कार्बन तंतूंना होणाऱ्या इजेचा मजबुतीवरील परिणाम वेगळा कसा मोजावा?

नमस्कार. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी फिलामेंट वाइंडिंगने (रेझिनमध्ये भिजवलेले तंतू फिरत्या साच्यावर ताणून गुंडाळण्याच्या पद्धतीने) कार्बन फायबर आणि इपॉक्सी रेझिनच्या नळ्या तयार करत आहे. टो, म्हणजे हजारो कार्बन तंतूंचा जुडगा, टी-७०० प्रकारचा आहे. माहितीपत्रकानुसार त्याची ताणातील मजबुती ४९०० मेगापास्कल आणि मॉड्युलस (ताठरपणा) २३० गिगापास्कल आहे.

नळीतून कापलेल्या कड्यांची स्प्लिट डिस्क चाचणी (कड्यात दोन अर्धचकत्या बसवून त्या एकमेकींपासून दूर ओढणे) केली असता मजबुती अपेक्षेपेक्षा बरीच कमी येते. या चाचणीत अर्धचकत्यांमधील फटीपाशी वाकण्याचा ताणही येत असल्याने त्याच टोच्या एकदिश सपाट पट्ट्या ताणून पाहिल्या. तेथे मॉड्युलस तंतूंच्या प्रमाणावरून काढलेल्या आकड्याशी जुळतो, मजबुती मात्र तशीच कमी भरते. टो ज्यांतून ओवून पुढे नेला जातो त्या आयलेटांपाशी (कड्यांसारख्या मार्गदर्शकांपाशी) तुटलेल्या तंतूंचे पुंजके साचतात, त्यामुळे माझा संशय रेझिनपेक्षा टोच्या घर्षणावर आहे.

माझी समजूत अशी आहे की तुटलेल्या तंतूच्या टोकापासून थोड्याच अंतरावर, रेझिनमधील कातरताणामुळे, भार पुन्हा त्याच तंतूत चढतो, म्हणून विखुरलेल्या तुटींचा मॉड्युलसवर फारसा परिणाम होत नाही. परंतु तेवढ्या अंतरात शेजारच्या तंतूंवर जादा भार पडतो आणि तुटी जवळजवळ साचल्या की अखेरचा भंग तेथूनच सुरू होतो. मला अधिक काळजी न तुटलेल्या, पण ओरखडा उठलेल्या तंतूंची वाटते. सुमारे ७ मायक्रॉन जाडीच्या या ठिसूळ तंतूची मजबुती त्याच्यावरील सर्वांत मोठ्या दोषावर ठरते, आणि पुंजक्यांचे वजन करून असे तंतू मोजता येत नाहीत.

रिळावरील आणि आयलेटांतून गेलेल्या टोमधील सुटे तंतू काढून, २५ मिलिमीटर लांबीवर ताणून, दोन्हींची वायबुल वितरणे (तंतूगणिक मजबुती किती बदलते हे दाखवणारी सांख्यिकीय वितरणे) ताडून पाहण्याचा विचार आहे. अडचण अशी की तंतू सुटे करतानाच कमकुवत तंतू तुटतात आणि चाचणीपर्यंत केवळ बळकट तंतू पोहोचतात. ही निवड गणितात कशी धरावी? की रेझिनमध्ये भिजवून पक्क्या केलेल्या टोची चाचणीच अधिक विश्वासार्ह ठरेल?

दुसरा प्रश्न ताणाविषयी आहे. वाइंडिंगचा ताण कमी केल्यास घर्षण घटेल, पण थर कमी दाबले जाऊन तंतूंचे प्रमाण आणि पोकळ्याही बदलतील. ताण तोच ठेवून केवळ मोठ्या त्रिज्येचे, गुळगुळीत आयलेट बसवले, तर मजबुतीतील फरक इजेचाच मानता येईल का? हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.