डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी तीन-चार वर्षांतच कौन्सिलमधून बाहेर पडल्या, मग त्यांनी नेमकं काय साधलं?

प्रश्न:
लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी यांच्याबद्दल वाचतेय. १८८६ ला पुदुकोट्टईत जन्म, १९१२ ला मद्रास मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर, मग चांगली चाललेली प्रॅक्टिस बाजूला ठेवून मद्रास कौन्सिलवर (म्हणजे तेव्हाच्या मद्रास प्रांताच्या विधिमंडळावर), ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला आमदार, १९२७ ला तिथेच उपाध्यक्ष. आणि १९३० ला गांधीजींना अटक झाली म्हणून राजीनामा. देवदासी प्रथा बंद केली असं सगळीकडे लिहिलंय पण तो कायदा तर १९४७ चा आहे! मग लेकीला काय सांगू?

प्रतिसाद १:
ताई, १९४७ च्या आधी १९२९ बघा, तो कोणी सांगतच नाही. देवळाची सेवा करायची म्हणून देवदासी घराण्यांना इनाम जमिनी असायच्या. सेवा थांबली की जमीन जाणार, म्हणजे आई थकली की पोटाची किंवा दत्तक घेतलेली मुलगी देवाला सोडायची, नाहीतर घर उघड्यावर. नुसती बंदी घातली असती तर या बायकांनी खायचं काय? मुथुलक्ष्मीबाईंनी १९२७ ला कौन्सिलमध्ये ठराव आणला आणि देवस्थानांच्या कायद्यात १९२९ ला झालेल्या दुरुस्तीने जमीन आणि सेवा यांची गाठच सोडवली, सेवा न करताही जमीन बाईकडेच राहील. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. मुली देवाला वाहायला सरसकट बंदी यायला मात्र पुढे अठरा वर्षं गेली.

प्रतिसाद २:
आणि हे त्यांच्या घरातलंच दुखणं होतं हो. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातल्या, वडील नारायणस्वामी अय्यर कॉलेजचे प्रिन्सिपल. मुलांच्या कॉलेजात मुलगी नको म्हणून विरोध झाला तेव्हा पुदुकोट्टईच्या महाराजांनी प्रवेश दिला. लग्नही १९१४ ला डॉ. सुंदर रेड्डींशी केलं ते अट घालून, की मला बरोबरीने वागवायचं आणि माझ्या इच्छेच्या आड यायचं नाही. हे लेकीला नक्की सांगा.

प्रतिसाद ३:
मला त्यांच्याबद्दल खूप आदर आहे तरी एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. प्रथा बंद करायच्या त्यांच्या विधेयकाला स्वतः देवदासींनीच विरोध केला होता, बंगळूर नागरत्नम्मांसारख्या मोठ्या गायिका त्यात होत्या. त्यांचं म्हणणं, आम्ही कलावंत आहोत, आमच्या बायकांना मालमत्तेचा हक्क आहे, मुलगी दत्तक घेता येते, आणि तुम्ही आम्हाला सरसकट वेश्या ठरवताय. हा राग खोटा नव्हता. प्रथा मोडली ते बरंच झालं, लहान मुलींना पर्याय कुठे होता, पण त्याबरोबर या बायकांचं गाणं-नाचणं आणि मानही गेला ही गोष्ट मला टोचते.

प्रतिसाद १:
मान्य. पण राजीनाम्यानंतर त्या घरी बसल्या नाहीत हेही धरा ना. त्याच १९३० ला काही देवदासी मुली आसरा मागत त्यांच्या दारात आल्या, त्यांना घरात ठेवून घेतलं आणि त्यातूनच अव्वै होम हे निराधार मुलींचं घर उभं राहिलं.

प्रतिसाद ४:
प्रॅक्टिस बाजूला ठेवली तरी त्यांच्यातला डॉक्टर कुठे गेला होता? कौन्सिलमध्ये त्या शाळेतल्या मुलांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी म्हणून बोलत होत्या, मुलींच्या लग्नाचं वय वाढवा म्हणत होत्या, कारण कोवळ्या वयातली बाळंतपणं त्यांनी दवाखान्यात बघितलेली. धाकटी बहीण कॅन्सरने गेली ते दुःख त्यांनी तीस वर्षं सोडलं नाही, १९५४ ला मद्रासमधल्या अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं, फक्त १२ खाटांचं, तेव्हा बाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. इनाम जमिनीचं मला माहीतच नव्हतं, प्रोजेक्टची सुरुवात आता तिथूनच करतोय. नागरत्नम्मांबद्दल वाचून दाखवलं तर लेक म्हणाली, आई यांचा पण फोटो लावू. दोघींचे शेजारी शेजारी लावतोय.