‘ओळखी वाढवा, नोकरी मिळेल’ हा सल्ला नेमका कोणासाठी आहे?

वाळूजचा वाटसरू

‘नोकरी नाही म्हणून रडणारे बहुतेक जण आळशी असतात, लिंक्डइनवर रोज दहा अनोळखी लोकांना संदेश पाठवा, सरकारी पोर्टल आणि रोजगार मेळावे यांत वेळ दवडू नका’, ही हिंजवडीकर यांची कालची पोस्ट वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पुण्यात शिकलेल्या, वर्गातले निम्मे मित्र कंपन्यांत असलेल्या संगणक अभियंत्याला हा सल्ला लागू पडेलही. पण ज्याच्या घरात कंपनीचे गेट आतून पाहिलेले कोणीच नाही, अशा पैठणच्या पदविकाधारकाने दहा संदेश कोणाला पाठवायचे? मी स्वतः पदविकेनंतर वाळूजच्या एमआयडीसीत गेटोगेट हिंडलो आहे. सुरक्षारक्षक सीव्ही घेत आणि खुर्चीखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकत. त्या खोक्यातला एक तरी कागद आत गेला असेल, असे मला वाटत नाही. मला नोकरी लागली ती जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयाने भरवलेल्या मेळाव्यात, आणि तिथे माझी ओळख कोणी विचारली नाही.

हिंजवडीकर

आपल्याला मेळाव्यात नोकरी लागली याचा आनंद आहे, परंतु एका माणसाला लॉटरी लागली म्हणून बाकीच्यांनी तिकिटे काढत बसावे असे होत नाही. सेवायोजन कार्यालयांचा 1959 चा कायदा वाचून पाहा. 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही रिक्त पदे कळवावीत, असे त्यात होते. मात्र पद कळवले म्हणून कार्यालयामार्फतच भरती केली पाहिजे असे नाही, हेही त्याच कायद्यात होते, आणि पद न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये. एवढ्या दंडाला कोणता मालक भ्यायला असेल? माझ्या वडिलांनी दर तीन वर्षांनी न चुकता नोंदणीचे नूतनीकरण केले आणि त्यांना एकही कॉल आला नाही. याउलट मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच दाखवून दिले होते की, नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. मी सांगतो आहे ते हेच.

आकडेवाली, सोलापूर

ग्रॅनोव्हेटर यांचे नाव घेतलेच आहे, तर त्यांनी कोणाला प्रश्न विचारले होते तेही सांगा. अमेरिकेतल्या न्यूटन गावचे, नुकतीच नोकरी बदललेले, व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामे करणारे ते लोक होते. पहिल्या नोकरीसाठी वणवण करणारा फिटर त्यांत नव्हता. शिवाय तोंडओळख आणि अनोळखी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणूस संदेश उघडण्याआधी नाव वाचतो, आणि आपल्याकडे नावाला आडनाव चिकटलेले असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना तोडीस तोड पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवले होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावांच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावांपेक्षा कमी आढळली, आणि मुस्लिम नावांची त्याहूनही कमी.

हिंजवडीकर

आपला पुरावा माझ्याच पथ्यावर पडतो, ताई. तो भेदभाव उघड जाहिरातीतून आलेल्या अर्जांत झाला होता, ओळखीच्या भरतीत नव्हे. मग दोष ओळखीला का?

आकडेवाली, सोलापूर

कारण जाहिरात निघाली म्हणून तो भेद मोजता तरी आला. जी जागा ‘आपल्या ओळखीतला कोणी असेल तर सांगा’ एवढ्यावर भरली जाते, तिथे नाकारला गेलेला उमेदवार मुळात रांगेतच नसतो; मोजणार कोणाला?

लातूरच्या मॅडम

आडनावाचा विषय निघालाच आहे म्हणून बोलते, कारण प्लेसमेंटचे काम पाहताना माझा जीव याच गोष्टीने मेटाकुटीला येतो. मुले सीव्हीत धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय आणि वैवाहिक स्थिती लिहितात, जणू स्थळ पाहायला चालली आहेत; आणि तीन महिने चालवलेल्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनचा उल्लेख मात्र शेवटच्या ओळीत, तोही मशीनचे नाव न देता. जात लिहू नका म्हटले की पालक विचारतात, ‘मग सवलत कशी मिळणार?’ खासगी कंपनीत ती सवलत नसते, हे मी कितीदा सांगायचे?

वाळूजचा वाटसरू

मॅडम, जात खोडली तरी आडनाव उरतेच. आणि हिंजवडीकर, वडिलांना कॉल आला नाही याचा राग आजच्या पोरांवर काढू नका. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले होते, आणि त्यासाठी कोणाच्या ओळखीची अट नव्हती. प्रशिक्षण संपल्यावर काय, हा प्रश्न आपण विचारणारच, म्हणून आधीच मान्य करतो की तिथे योजना लंगडी पडते. पण अनुभवाचा रकाना भरला जातो.

रेफरलवाला, बाणेर

मी दोन्ही बाजूंना नाराज करणार आहे. आमच्या कंपनीतल्या रेफरलच्या, म्हणजे कर्मचाऱ्याने उमेदवाराची शिफारस करण्याच्या, अर्जात ‘उमेदवाराला आपण कसे ओळखता?’ असा सक्तीचा रकाना आहे. एका होतकरू मुलाबद्दल मी प्रामाणिकपणे ‘लिंक्डइनवर संदेश आला’ असे लिहिले, तर एचआरने अर्ज परत पाठवला. दुसऱ्याच्या बाबतीत ‘महाविद्यालयातला कनिष्ठ’ एवढे लिहिले आणि त्याची मुलाखत झाली. हिंजवडीकरांच्या दहा संदेशांची आत हीच किंमत आहे. तरीही मी संदेशांना उत्तरे देतो, कारण कोणती जागा खरोखर रिकामी आहे आणि कोणती केवळ पोर्टलवर लटकत राहिली आहे, हे आतल्या माणसाशिवाय कोणी सांगत नाही. त्यामुळे ‘नोकरी द्या’ असे विचारू नका. ‘ही जागा अजून आहे का?’ असे विचारा.

हिंजवडीकर

ठीक आहे. एवढी मोठी मंडळी तुटून पडली आहेत, तर पोस्टमधला ‘आळशी’ हा शब्द काढून टाकतो. पोर्टलविषयीचे एक अक्षरही बदलणार नाही.

वाळूजचा वाटसरू

मेहेरबानी. आता आपल्या कंपनीत पदविकाधारकाची जागा निघाली, की तिच्या जाहिरातीचा दुवा इथे टाका. आणि जाहिरात निघणारच नसेल, तर तेही त्याच पोस्टमध्ये लिहा.